ज्युबेलएल आणि काकवी

आधीच सांगून टाकतो, आजचा लेख बिअरवर आहे. ज्यांना बिअरचं नाव काढलेलं चालत नाही त्यांनी इथूनच मागे फिरावं, माझी काही तक्रार नाही. आमच्या मातोश्री त्यांच्यातल्याच. त्याला कारणही तसंच आहे, ते पुढे येईलच.

तर झालं असं. २०२३ च्या फेब्रुवारीत ऑफिसने मला ओरेगनला पाठवलं. पोर्टलंडच्या पश्चिमेला बीव्हर्टन म्हणून उपनगर आहे, तिथे एका बेडरूमचं अपार्टमेंट. उन्हाळा झकास गेला. रात्री नऊपर्यंत उजेड, शनिवार-रविवार डोंगर, धबधबे, समुद्र. म्हटलं, लोक उगाच इथल्या हवेला नावं ठेवतात. मग नोव्हेंबर उजाडला. (उजाडला हा शब्द इथे चुकीचा आहे. नोव्हेंबर अंधारला.) घड्याळं एक तास मागे गेली, साडेचारला दिवस मावळायला लागला आणि पाऊस सुरू झाला. पाऊस म्हणजे आपला पाऊस नव्हे. आपला पाऊस येतो, धिंगाणा घालतो, दोन तास लाईट घालवतो आणि जातो. इथला पाऊस नीट बंद न केलेल्या नळासारखा नुसता गळत राहतो. हा पाऊस बघून कांदाभजी तळाविशी वाटतील असं एकदाही झालं नाही.

आमच्या टीममध्ये एक आजोबा आहेत. टीममधले आम्ही तिघं देशी त्यांना आपापसात आजोबाच म्हणतो, तेच इथेही चालवतो. साठी ओलांडलेली, पांढरी दाढी, हयात ड्रायव्हर लिहिण्यात गेलेली. कोड रिव्ह्यूमध्ये एका ओळीची अशी कमेंट टाकतात की माणसाने सरळ सांगलीचं तिकीट काढावं. तर नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एका शुक्रवारी आजोबांनी माझ्या टेबलावर एक काळपट बाटली ठेवली आणि म्हणाले, "हिवाळा आला."

ती ज्युबेलएल. इथून कॅस्केड डोंगरांच्या पलीकडे बेंड नावाचं गाव आहे, तिथली डेशूट्स ब्रूअरी ही बिअर बनवते. ब्रूअरी सुरू झाली १९८८ साली आणि ही बिअरही त्याच वर्षापासूनची. फक्त हिवाळ्यात मिळते. लेबलावरचं चित्र दर वर्षी नवं, ते एखाद्या स्थानिक चित्रकाराकडून काढून घेतात. आपल्याकडे दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ बघून लोक अंक उचलतात ना, तसं इथे लोक यंदाचं लेबल कसं आहे त्यावर चर्चा करतात. आजोबांच्या गॅरेजमध्ये जुन्या बाटल्यांची एक फळीच आहे, सगळ्या रिकाम्या, धुऊन पुसून ठेवलेल्या.

बाटलीबरोबर सूचना मिळाल्या. फ्रिजमधून काढल्यावर अर्धा तास थांबायचं. बाटलीतून प्यायची नाही, ग्लासात ओतायची. आधी वास घ्यायचा. "आणि पिऊ नकोस," आजोबा म्हणाले, "चव घे."

मला हसू आलं. पुण्यात नोकरीला असताना आम्ही मित्र बिअर प्यायचो ती शक्यतो बर्फासारखी गार, म्हणजे चव कळायच्या आत ती खाली गेलेली असे. तीच तिची खासियत. अर्धा तास टेबलावर ठेवलेली बिअर म्हणजे आमच्या दृष्टीने वाया गेलेली बिअर.

पण सूचना पाळल्या. दिव्यासमोर धरली तर मधोमध काळी आणि कडेला गडद लाल, कोरा चहा काचेच्या पेल्यात दिसतो तशी. फेस पांढरा नाही, बदामी. वासाला संत्र्याच्या सालीसारखं काहीतरी, त्यामागे ओल्या पाईनच्या झाडांचा वास. (तो बाहेरूनही येत असेल, इथे सगळीकडे तीच झाडं.) मग पहिला घोट. आणि तिथे मी थांबलो, कारण ती चव माझ्या ओळखीची होती. ती काकवी होती.

शहरातल्या मंडळींसाठी थोडक्यात: गुऱ्हाळात उसाचा रस आटवत आटवत गूळ करतात, तो गूळ होण्याच्या अलीकडे जो दाट, तांबूस-काळा पाक असतो तो काकवी. माझे वडील सांगलीजवळ एका साखर कारखान्यात क्लार्क होते. हिवाळ्यात उसाचा हंगाम जोरात असला की रविवारी ते मला सायकलवरून एका ओळखीच्या गुऱ्हाळावर न्यायचे. कढईच्या वाफेत उभं राहायचं, हातात गरम काकवीची वाटी. लहानपणाचं माझं सगळ्यात चांगलं असं जे काही आहे, त्यात ही वाटी वरच्या नंबरात. ती मला बारा हजार किलोमीटरवर, पावसाळी शुक्रवारी, एका बिअरच्या ग्लासात सापडली.

काकवी जिभेवरून सरकते तोच मागून भाजणी येते. थालीपिठाची भाजणी, आईने फोन घेतल्यामुळे कढईत दोन मिनिटं जास्त राहिलेली. आणि सगळ्यात शेवटी, घोट गिळून झाल्यावर, जिभेच्या मागून कडू चढतं. चढतं म्हणजे चढतंच, आणि मग बसून राहतं. कारलं!

आता इंजिनियर माणूस इथे गप्प बसणार आहे का? शोधाशोध केली. काकवीचं रहस्य सातूत आहे. सातू भिजवून, मोड आणून, ओले असतानाच बंद भट्टीत गरम ठेवतात. दाण्याच्या आतल्या आत पिठाची साखर होते. मग तापमान वाढवलं की तीच साखर दाण्यातच करपट-गोड होते. म्हणजे एकेका दाण्यात छोटंसं गुऱ्हाळ. याला क्रिस्टल माल्ट म्हणतात.

आणि कारलं म्हणजे हॉप्स. हा एक वेल आहे, गांजाच्या कुळातला, सख्खा चुलतभाऊ म्हणा. (शांत व्हा, तो गुण यात नाही.) तोंडलीचा मांडव असतो तसा याचाही, पण पाच-सहा मीटर उंच, आणि वेल नेमाने घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच वर चढतो. अमेरिकेतले बहुतेक हॉप्स शेजारच्या वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमाच्या खोऱ्यात पिकतात, थोडे इथे ओरेगनमध्ये. संत्र्याच्या सालीच्या वासाचा जो प्रसिद्ध कॅस्केड वाण, तो इथून दीड तासावरच्या कॉर्व्हॅलिसमध्ये तयार झाला आणि १९७२ साली बाहेर आला. आज अमेरिकन क्राफ्ट बिअर म्हटलं की जो वास आठवतो, त्याची सुरुवात बरीचशी तिथे आहे.

गंमत अशी की हॉप्समधली आम्लं मुळात पाण्यात फारशी विरघळत नाहीत. तासभर खळखळून उकळलं की त्यांच्या रेणूंची रचना बदलते आणि मग ती कडू होऊन पाण्यात उतरतात. पण तासभर उकळलं की सुगंध उडून जातो. म्हणून सुरुवातीला टाकलेले हॉप्स कडूपणासाठी आणि शेवटी टाकलेले वासासाठी. फोडणीचा आणि वरून पेरायच्या कोथिंबिरीचा जो फरक, तोच. कडूपणा मोजायला आयबीयू म्हणून एकक आहे. साध्या लागर बिअरचा आकडा दहा-वीसच्या घरात, ज्युबेलएलचा साठच्या आसपास. तरी ती साठ इतकी कडू लागत नाही, कारण समोर काकवी उभी आहे. हे जे 'बॅलन्स' म्हणून बिअरवाले मिरवतात, ते आमच्या आजीला कारल्याच्या भाजीत गूळ टाकताना कोणी शिकवलं नव्हतं.

टीममधला एकजण मला म्हणाला, हॉप्सवाली बिअर म्हणजे तुमच्याच देशाची की, इंडिया पेल एल! ही कथा इथे सगळ्यांना पाठ आहे. जहाजाच्या लांब प्रवासात टिकावी म्हणून कोणी एकाने भारतासाठी जास्त हॉप्सची बिअर शोधून काढली म्हणे. हॉप्समुळे बिअर टिकते आणि अशी बिअर मुंबई-कलकत्त्याला यायची, इतकं खरं. पण ती कोणी एकाने खास शोधली वगैरे दंतकथा आहे, आधीपासूनच बनत होती. आणि गोऱ्या शिपायांसाठी जहाजं भरभरून यायची ती पोर्टरची, म्हणजे काळ्या बिअरची. त्या शिपायांना परतीचं जहाज मिळेपर्यंत आपल्या नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत महिनोन्‌महिने बसावं लागे. तिथे कंटाळून डोकी फिरायची, म्हणून इंग्रजीत वेड लागण्याला 'डूलाली' हा शब्द आला. पुण्यात २००९ साली जी पहिली मायक्रोब्रूअरी निघाली तिचं नावही तेच. मी तिथे दोनदा गेलो होतो, तेव्हा हे काही माहीत नव्हतं. असो, गाडी देवळालीला गेली, परत आणतो.

तर मी ज्युबेलएलच्या प्रेमात पडलो. दुकानातून सहाचा पॅक आणला. आणि स्वभावाप्रमाणे एक स्प्रेडशीट उघडलं. तारीख, तापमान, वास, चव, नग. पहिल्या नोंदी वाचल्या तर तुम्ही म्हणाल, याने नोकरी सोडून हेच लिहावं. "१३ डिग्रीला मनुकांचा वास. १० ला नव्हता." "फेस बसल्यावर दुसरा घोट जास्त गोड. जीभ सरावली का?" एका नोंदीत तर भाजणीत धने जास्त झालेत की काय अशी शंका आहे.

डिसेंबरमध्ये रिलीज होता. एक बग असा होता की तो फक्त कस्टमरच्या मशीनवर आणि फक्त रात्री यायचा. मी घरून काम करत होतो, दिवसा तीन वाजताच दिवे लावत होतो, आणि काही दिवस असे गेले की दुकानातल्या कॅशियरशिवाय कोणाशी प्रत्यक्ष बोललो नाही. पॅक संपला, दुसरा आणला. एका शनिवारी संध्याकाळी सहज शीट वरपासून खालपर्यंत बघितलं. सुरुवातीला फक्त शुक्रवार-शनिवार. मग बुधवार. मग सोमवार-मंगळवार. तापमानाचा रकाना रिकामा. वासाचा रिकामा. चवीच्या रकान्यात आठवडाभर एकच शब्द, "तीच". भरलेला होता तो शेवटचा, नग. दोन, दोन, एक, दोन, तीन. खाली बेरीज केली. एकोणीस दिवसांत एकतीस.

आकडा फार मोठा नाही असं माझे मित्र म्हणतील. मीही दुसऱ्या कोणाला तेच म्हटलं असतं. पण मी ज्या घरातून आलोय तिथे हा आकडा मोठाच आहे.

आमच्या घरी पिणे हे क्रियापद पाणी, चहा आणि दुधापलीकडे वापरायचं नाही असा अलिखित नियम होता. कारण बाबा प्यायचे. आरडाओरडा नाही, मारहाण नाही, पगाराच्या दिवशी गटारात सापडणं नाही. संध्याकाळी साडेसातला कारखान्यातून यायचे, पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली क्वार्टर असायची. स्वयंपाकघरामागच्या मोरीत उभं राहून पेला एका दमात रिकामा करायचे, चेहरा वाकडा, वर चार खारे दाणे. आई त्याच वेळी टीव्हीचा आवाज वाढवायची. मग बाबा बाहेरच्या खोलीत येऊन गप्प बसायचे ते जेवण होईपर्यंत. रविवारी गुऱ्हाळावर नेणारे बाबा वेगळे आणि हे वेगळे, अशी मी लहानपणी सोय करून घेतली होती. २०१५ साली, मी इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना, त्यांना कावीळ झाली, अकरा दिवस दवाखान्यात होते. बाहेर आले ते सोडूनच. त्यानंतर थेंब नाही. आणि त्यावर घरात एक वाक्यही नाही.

त्या शनिवारी रात्री आठला नेहमीप्रमाणे घरी व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रविवार सकाळचे साडेनऊ. आई-बाबा दोघं नाश्ता करून बसलेले. लेकाची तब्येत, थंडी, चुलतबहिणीचं लग्न. आणि मध्येच बाबा म्हणाले, "ते मागं ग्लासात काय आहे?"

मी ग्लास हलवायला विसरलो होतो. कोकाकोला आहे म्हणता आलं असतं, रंग तोच. काय झालं कोण जाणे, मी म्हणालो, "बिअर आहे, बाबा."

आई उठून आत गेली. स्क्रीनवर खुर्चीची पाठ राहिली. मला वाटलं आता कॉल कट होणार.

"बघू," बाबा म्हणाले. मी ग्लास कॅमेऱ्यासमोर धरला. "काळी असते होय?"

"ही असते."

"लागते कशी?"

मी सांगितलं. आधी काकवी, मग करपलेली भाजणी, मग कारलं. बाबा ऐकत होते. मग म्हणाले, "काकवी. आता गंमत बघ. आमच्या कारखान्याच्या मळीचीच असायची रे ती दारू. साखर काढून घेतली की राहते ती मळी, तिची स्पिरिट. दिवसभर त्याच वासात बसायचं आणि संध्याकाळी तीच आणायची. पण चव मला विचारशील तर सांगता यायची नाही. वीस वर्षं घेतली. चव लागू नये म्हणूनच एका दमात. एरंडेल घेतात तसं."

इतकं सलग वाक्य या विषयावर मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होतो. काय बोलावं कळेना. मग त्यांनीच विचारलं, "किती घेतोस?"

शीट दुसऱ्या खिडकीत उघडंच होतं. "एकोणीस दिवसांत एकतीस."

"लिहून ठेवतोस?"

"हो. चव लिहायला म्हणून सुरू केलं होतं. आता नुसता आकडाच."

बाबा थोडा वेळ गप्प होते. "मी पण ठेवायचो," म्हणाले. "कालनिर्णयवर. आई पेनानं दुधाचे खाडे लिहायची बघ. त्याच चौकोनात खाली पेन्सिलीची टिंबं असायची, ती माझी. घेतली नाही त्या दिवसाचं टिंब. एका महिन्यात नऊ झाली होती. मग पाच. मग दोन."

ती टिंबं मला आठवत होती! सातवी-आठवीत असेन. मला ती दुधाच्या हिशोबातलीच वाटायची, अर्धा लिटर कमी दिलं वगैरे. "मग?" मी विचारलं.

"मग पेन्सिल ठेवून दिली. बघवेना."

एवढ्यात आई परत आली, हातात कपबश्यांचा ट्रे. बहुतेक सगळं ऐकत होती. खुर्चीत बसली आणि सरळ कॅमेऱ्यात बघून म्हणाली, "जन्मात कारल्याला हात लावला नाहीस. ताटात वाढलं तर भावाच्या ताटात ढकलायचास. आणि आता पैसे देऊन कडू पितोस होय रे?" मग अर्धा मिनिट शांतता, आणि तिचा नेहमीचा प्रश्न, "जेवलास का?"

कॉल संपला. ग्लासात अर्धी शिल्लक होती. ती मी घोट घोट घेत संपवली. फार दिवसांनी नोंदही नीट लिहिली, धन्यांसकट. ओतून दिली असती तर गोष्ट चांगली झाली असती, पण तसं केलं नाही.

सोमवारी ऑफिसला गेलो, घरून काम करण्याचा कंटाळा आला होता. आजोबांना सांगितलं की तुमच्या बिअरमध्ये मला काय सापडलं. त्यांनी तो शब्द तीनदा वदवून घेतला आणि वहीत लिहून ठेवला. पुढच्या वर्षी सांगलीहून येताना मी त्यांच्यासाठी काकवीची बाटली आणली, टॉवेलात गुंडाळून बॅगेच्या मधोमध. त्यांनी चमचाभर घेतली, डोळे मिटले आणि म्हणाले, "छान आहे. हॉप्स कमी पडलेत."

त्याच बॅगेतून एक कालनिर्णयही आलं. फ्रिजवर चुंबकाने लावलंय, शेजारी दोऱ्याला बांधलेली पेन्सिल. काही महिने टिंबांनी भरलेले आहेत, काही महिन्यांकडे पाहुणे आले की मी फ्रिजसमोर उभा राहतो. ज्युबेलएल आली की पहिली बाटली आजोबांबरोबर, अर्धा तास टेबलावर ठेवून.

बाबा आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, आईसमोरच, अगदी सहज विचारतात, "काय रे, गेल्या महिन्यात दुधाचे खाडे किती?"

"बावीस."

"बरं," बाबा म्हणतात.

आणि आई म्हणते, "अमेरिकेत कसला आलाय दूधवाला!"